"मी कसली, काकू!"

रविवार, रात्री साडेनऊ

आज चर्चच्या उपासनेत शास्त्रपाठ बारावीतल्या एका मुलीनं वाचला. बायबलातलं निर्गमाचं पुस्तक, चौथा अध्याय. काय सुरेख वाचला! बाहेर चपला घालताना मी तिला तसं म्हटलं, तर पोर एकदम आक्रसली. "मी कसली, काकू! सगळी देवाची कृपा." शेजारच्या मावशी लगेच म्हणाल्या, "अशीच नम्र राहा गं बाळा."

मला नाही ही नम्रता वाटत. आपल्या मंडळीत ही रीतच पडलीये, कुणी चांगलं म्हटलं की स्वतःला दोन पायऱ्या खाली उतरवायचं.

आणि धडा होता मोशेचा! देव मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, जा आणि माझ्या लोकांना सोडवून आण म्हणतो, तर हा म्हणतो मी जड जिभेचा. देव त्याला "अरे, छान बोलतोस की" असं गोंजारत बसत नाही. माणसाला तोंड कोणी दिलं, एवढंच विचारतो, आणि मी तुझ्याबरोबर आहे म्हणतो. तरी याचं आपलं, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. तिथं मात्र देव संतापतो. अडखळत्या जिभेवर तो चिडलेला नाही.

याच मावशींची नोकरी मिरजेत मिशन हॉस्पिटलात झाली, वॉनलेस साहेबांनी 1894 मध्ये सुरू केलेल्या. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा घरी सलाईन लावायला आलेल्या मुलीला शीर सापडेना. मावशी पदर खोचून पुढं झाल्या, "सरक, मला सापडते." मनगटाच्या वर दोन बोटांनी चाचपलं, कापसानं पुसलं, एकदाच टोचलं. तिथं नाही आलं तोंडात "मी कसली"! त्याला कुणी गर्व म्हणेल का?

प्रेषित पौल तर करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या मंडळीला, पत्रात सरळ लिहितो, त्या सर्व प्रेषितांपेक्षा मी जास्त श्रम केले. आणि लगेच, मी नव्हे, देवाच्या कृपेनं. आम्ही पुढचं तेवढं पाठ केलंय, आधीचं गाळून टाकतो.

नाताळच्या नाटिकेत निवेदनाला नाव दे म्हटलं, तर ही पोर म्हणते, "दुसऱ्या कुणाला तरी घ्या." मी परस्पर पाळकांकडे तिचं नाव देऊन आलेय. तालीम मावशींनी घ्यायची, हेही ठरवून टाकलंय. मावशींना अजून सांगितलेलं नाही. कुरकुरतील थोड्या.