अनंताच्या रोपांवरचा पाहुणा

अर्जुनी मोरगाव तालुक्यातील ज्या रोपवाटिकेत मी देखरेखीचे काम करतो, तेथे आषाढात अनंताच्या रोपांची पाने झपाट्याने खाल्ली जाऊ लागली आणि पाने उलटून पाहिल्यावर शेपटीकडे शिंग असलेल्या हिरव्या अळ्या सापडल्या. औषध मारावे, असे सर्वांचे मत पडले. मी अळ्या हाताने वेचायला सांगितल्या आणि त्यांपैकी तीन, ओळख पटावी म्हणून, माती व पाचोळा घातलेल्या बरणीत कापड बांधून ठेवल्या. काही दिवसांत त्या पाचोळ्यात शिरून कोषात गेल्या.

श्रावणातल्या एका सकाळी मी हजेरी घेत असताना पिशव्या भरणाऱ्या बाईंनी हाक मारली, "साहेब, भुंगा निंगाला जी! हात नोका लावू, डसन."

शेवाळी रंगाच्या केसाळ अंगाचा, पोटावर तांबडा पट्टा असलेला तो कीटक काडीला धरून बसला होता. दिसायला तो भुंगाच होता. मात्र डोक्याखाली गुंडाळून ठेवलेली लांब सोंड भुंग्याची नव्हती. हा दिवसा उडणारा हॉकमॉथ पतंग, म्हणजे लिनिअसने 1771 मध्ये नोंदवलेला सेफोनोडिस हायलस असावा, असे मला वाटले. त्याला नांगी नसते. भुंग्यासारखे रूप हेच त्याचे संरक्षण. अनंत आणि कॉफी एकाच कुळातली असल्यामुळे त्याची अळी दोन्हींवर वाढते. पण या जातीचे पंख काचेसारखे असतात आणि समोर बसलेल्या पतंगाचे पंख तर राखाडी, धुरकट होते, त्यामुळे आपली ओळख चुकली, असेच मी धरून चाललो.

पंख वाळल्यावर मी ती काडी अलगद बाहेर काढून उघड्या मस्टरवर धरली. पतंगाने पंख थरथरवायला सुरुवात केली, थरथर वाढत जाऊन तिचा घुंकार झाला आणि पंखांवरची खवले बारीक राखेसारखी कागदावर झडू लागली. पाहता पाहता पंख इतके नितळ झाले की त्यांच्या आरपार मस्टरच्या रेघा आणि नावे वाचता येऊ लागली. कोषातून निघालेल्या या पतंगाचे पंख खवल्यांनी झाकलेले असतात आणि पहिल्या उड्डाणाच्या वेळी ती झडतात, हे मी नंतर वाचले. त्या क्षणी मात्र आम्ही दोघेही श्वास रोखून पाहत होतो. मग तो उडाला, कुंपणावरच्या रायमुनियाच्या फुलांपुढे क्षणभर अधांतरी थांबला आणि शेडनेटवरून निघून गेला.

अनंताची बारा रोपे आता विक्रीच्या रांगेतून काढून कुंपणालगत लावली आहेत. अळी सापडली की बाई ती पानासकट नेऊन तिथे ठेवतात.