तीन महिन्यांच्या बाळाची मांडी

बालरोग विभागातून आमच्या रेडिओलॉजी (एक्स-रे) विभागाकडे मागणी आली ती फक्त उजव्या मांडीच्या एक्स-रेची. बाळ तीन महिन्यांचं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं : पालथं पडताना पलंगावरून खाली आलं. पण बाळं साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात पालथी पडायला लागतात. फिल्म पाहण्याआधीच मनात खटकलं ते हे.

मांडीच्या हाडाच्या गुडघ्याकडच्या टोकाला, वाढीच्या थरालगत, कोपऱ्याची बारीक कपची सुटली होती. नुसत्या पडण्यानं अशी कपची सहसा सुटत नाही. पाय हिसडला किंवा पिरगळला तर सुटते.

बाळाला कोणी इजा तर करत नाही ना, या शंकेनं मी पूर्ण सांगाड्याची तपासणी मागितली. बाळ रडत असतं, बाहेर रांग असते, म्हणून अख्खं बाळ एकाच फिल्मवर घेण्याचा मोह होतो. तो आवरायचा, कारण नेमके हाडांचे बारीक मोड त्यात निसटतात. कवटी दोन बाजूंनी, छाती समोरून, बाजूनं आणि दोन्ही तिरक्या कोनांतून, प्रत्येक हात, पाय, पंजा वेगळा; वीसेक फिल्म होतात. तिरक्या फिल्मवर दिसलं : डाव्या बाजूला, कण्यालगत, दोन बरगड्यांवर भरत आलेल्या हाडाच्या गाठी. गाठ दिसायला एक-दोन आठवडे लागतात. म्हणजे मांडी ताजी आणि बरगड्या आधीच्या. एकाच पडण्यात दोन्ही बसत नाहीत.

बाहेर आजी होत्या. "मालीशवालीनं पाय ओढला असेल हो," त्या म्हणाल्या. इंदूरच्या आपल्या घरांत बाळाची मालीश असतेच, त्यामुळे हे उडवून लावायचं नाही. आईचं पलंगाचं सांगणं आणि आजींचं मालीशीचं, दोन्ही त्यांच्याच शब्दांत, वेळेसह केसपेपरवर उतरवली. उलटतपासणी आपण करायची नाही. घाबरलेलं घर बाळाला उचलून निघून जातं आणि मग काहीच हाती उरत नाही. बाळाला दाखल करून घेणं सगळ्यांत आधी.

हाडंच ठिसूळ नाहीत ना, हेही त्याच दिवशी पाहायचं : रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, ड जीवनसत्त्व. मुडदूस असता तर हाडांची टोकं वाटीसारखी खोलगट, विसविशीत दिसली असती. तशी नव्हती. डोक्याचा सीटी स्कॅन आणि डोळ्यांचे पडदेही तपासले. मेडिको-लीगल नोंद करून पोलीस थान्याला सूचना दिली, बालकल्याण समितीला पत्र गेलं. ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागणं हा बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७५ खाली गुन्हा आहे. तो कोणी केला, हे एक्स-रे सांगत नाही आणि मीही अहवालात लिहीत नाही. घरातल्या दोन वर्षांच्या भावालाही तपासायला बोलावलं. हे हमखास विसरलं जातं.

आमच्या शाखेचं एक ओझं आहे. १८६० साली पॅरिसमध्ये न्यायवैद्यक तज्ज्ञ तार्दियू यांनी छळ झालेल्या ३२ मुलांची प्रकरणं छापली आणि वैद्यकानं ती बाजूला ठेवली. १९४६ साली रेडिओलॉजीतल्या जॉन कॅफी यांना सहा बाळांत कवटीखालचा रक्तस्राव आणि लांब हाडांचे मोड एकत्र दिसले, तरी पालकांवरचा संशय त्यांनी उघड मांडला नाही. बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प यांनी १९६२ साली ते स्पष्ट म्हटलं, तेव्हा कुठे अमेरिकेतल्या राज्यांनी डॉक्टरांवर कळवण्याची सक्ती आणली. फिल्म होत्या, वाचणारे कचरत होते.

ताजा बरगडीचा मोड पहिल्या दिवशी बहुधा दिसत नाही, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा फिल्म घेतल्या. उजव्या बाजूला तिसरी गाठ उमटली होती. पुरवणी अहवाल त्याच दुपारी थान्यात पोहोचवला.