करंगळीतली अंगठी

टोरोंटोला इंजिनिअरिंगच्या मास्टर्ससाठी आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गातल्या बऱ्याच कॅनेडियन मुलामुलींच्या करंगळीत एकसारखी, साधी अंगठी दिसली. लिहिताना ती बाकावर घासायची. शेजारणीला विचारलं, तर म्हणाली, "म्हणूनच लिहित्या हातात घालतो. ड्रॉइंगवर सही करताना जाणवली पाहिजे."

इथे इंजिनिअर होताना शपथविधी असतो, 1925 पासूनचा. ही अंगठी त्यातच मिळते. शपथेचा मूळ मजकूर इंग्रजी लेखक रुडयार्ड किपलिंगचा, म्हणजे आपल्या मुंबईत जन्मलेल्या माणसाचा! आणि शपथेबरोबर हमखास निघतो तो क्यूबेकचा पूल. 29 ऑगस्ट 1907 ला बांधकाम चालू असतानाच तो कोसळला, 75 कामगार गेले. गाळा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, 1600 फुटांचा 1800 केला होता, पण वाढलेल्या वजनाचं गणित नीट पुन्हा मांडलंच नव्हतं. लोखंडी भाग वाकताहेत हे साइटवरच्या तरुण इंजिनिअरने पाहिलं होतं. ते सांगायला तो न्यूयॉर्कला, मुख्य सल्लागाराकडे गेला. आणखी भार टाकू नका, अशी तार निघाली ती पूल बांधणाऱ्या कंपनीच्या कार्यालयाला. पुलावर निरोप पोचायच्या आत पूल नदीत.

"त्याच्या जागी तुम्ही असता तर?" प्राध्यापकांनी विचारलं.

"वरिष्ठांना कळवलं असतं," मी म्हटलं. मागच्या कोरियन मुलाचंही हेच उत्तर.

"आणि तोवर माणसं पुलावर चढत राहिली असती?"

मला बोलता येईना. घरात मोठ्यांपुढे बोलायचं नाही, कॉलेजात सर म्हणतील तसं. काम थांबवा म्हणायचा हक्क मलाही आहे, हे मला कुणी कधी शिकवलंच नव्हतं.

आपल्याकडे नीती नाही असं मुळीच नाही. भाजीवाल्याने चुकून जास्त दिलेले दहा रुपये परत करायला भर उन्हात मागे गेलेली माझी आई मी पाहिली आहे. त्याच घरातल्या मी कॉलेजात काँक्रीटच्या क्यूबची, म्हणजे ताकद मोजायला फोडायच्या ठोकळ्यांची, रीडिंग्ज सीनियरच्या जर्नलमधून उतरवली. 28 दिवसांनी काँक्रीटची ताकद किती यायला हवी ते आधी लिहायचं, मग उलटं गणित. सगळेच करायचे. जर्नलवर सही मिळाली की झालं. याला खोटं म्हणतात, हे मनातही आलं नाही. याचं मला आज फार वाईट वाटतं.

इथे क्यूबऐवजी सिलिंडर फोडतात. माझा फारच कमी भाराला फुटला. "काय लिहू?" मी लॅबमधल्या असिस्टंटला विचारलं.

"आलं ते."

खोडायचं नाही, चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. मग का फुटला ते शोधायचं. मी तुकडे उचलून पाहिले. एका थरात रॉडने नीट ठासलंच नव्हतं. आत बोट जाईल एवढी पोकळी होती. तो सिलिंडर मीच भरला होता. तेही रिपोर्टात लिहिलं.