तुम्ही विचारलंत म्हणून: थंबनेल कडक कसं बनवायचं

थंबनेल म्हणजे यूट्यूबवर व्हिडिओ उघडायच्या आधी दिसतं ते चित्र. आठवड्यातून दोन-तीनदा तरी व्हॉट्सॲपवर हाच प्रश्न येतो, "दादा, थंबनेल कडक कसं बनवायचं, तुम्ही ॲप कुठलं वापरता?" मी सांगतो, फोनवर पिक्सेललॅब, लॅपटॉपवर कॅनव्हा, की समोरचा "ओके थँक्स" करून गायब आणि पंधरा दिवसांनी परत हजर, "दादा, काही फरक पडला नाही". पडणार कसा भो, मिसळवाल्याला कढई कुठल्या दुकानातून घेतली ते विचारून आपला रस्सा थोडीच जमतो. म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो, पुढच्या वेळी हेच फॉरवर्ड करीन.

मी मूळचा फ्लेक्सवाला. नाशिकला शालिमारजवळच्या एका दुकानात सहा वर्षं वाढदिवसाचे फ्लेक्स बनवले, तुम्ही बघितले असतीलच, वर नेते, मध्ये गॉगल लावलेला वाढदिवसवाला आणि खाली 'शुभेच्छुक' म्हणून पासपोर्ट साइजचे तीस चेहरे. तो फ्लेक्स कोणी वाचत नाही, खालचे तीस जण फक्त आपापला फोटो शोधतात. यूट्यूबचं काम सुरू केलं तेव्हा माझी थंबनेलं पण अशीच असायची, चार फोटो, दोन बाण, लोगो, मोबाईल नंबर, सगळं कोंबलेलं. द्वारका चौकात निदान ट्रॅफिक जाम असतो म्हणून माणूस फ्लेक्सखाली पाच मिनिटं उभा राहतो, फोनवर अंगठा कोणासाठी थांबतो?

फाइल १२८० बाय ७२० पिक्सेलची बनवायची हे सगळ्यांना माहीत असतं, पण फोनवर सजेशनच्या रांगेत तीच फाइल काड्यापेटीएवढी दिसते हे बनवताना कोणाच्या डोक्यात नसतं. मी लॅपटॉपवर झूम दहा टक्क्यांवर आणून बघतो, वाचता आलं तर ठेवतो, नाही तर शब्द उडवतो. तीन शब्द, फार तर चार.

आणि इथं आपल्या मराठीची वेगळीच भानगड आहे, जी इंग्रजीतले ट्युटोरिअलवाले सांगूच शकत नाहीत. ते म्हणतात सगळं कॅपिटलमध्ये लिहा, आपल्याकडे कॅपिटल आहे कुठं? आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, म्हणजे दोन ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीच्या डोक्यात घुसतो. बारीक फॉन्ट लांबून नुसता शिरोरेघेच्या दोरीसारखा दिसतो आणि फार जाड करून वर आउटलाइन मारली की 'ष', 'घ', 'क्ष' यांची पोटं बुजून जातात. मी बालू किंवा मुक्ता वापरतो, दोन्ही मुंबईच्या एक टाइपवाल्यांचे, फुकट मिळतात आणि लहान साइजला पण वाचता येतात. जोडाक्षरं एकदा डोळ्यांनी तपासा, काही ॲपमध्ये 'द्राक्ष'चे तुकडे पडतात आणि मग खाली शंभर कमेंट त्याच्यावरच.

अजून एक, उजव्या हाताचा खालचा कोपरा मोकळा सोडा, तिथं व्हिडिओ किती मिनिटांचा आहे ते काळ्या पट्टीत येतं. मी लासलगावच्या कांदा बाजाराच्या एका व्हिडिओला बरोब्बर त्याच कोपऱ्यात भाव लिहिला होता, मोठा, पिवळा, झकास. अपलोड झाल्यावर भाव गायब आणि वेळ हजर, आणि कमेंटमध्ये लोक विचारतायत, "भाव कुठंय?"

पण हे सगळं वरवरचं झालं, खरं मला शिकवलं नानांनी. नाना म्हणजे निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार, स्वतःच्या बागेचे व्हिडिओ टाकतात आणि माणूस बोलतो अगदी मनापासून. त्यांनी एक व्हिडिओ पाठवला, टायटल होतं 'द्राक्ष बाग व्यवस्थापन भाग ७'. आता भाग सात कोण उघडणार, सहा बघितलेले नसताना? म्हटलं नाना, यात नक्की आहे काय, तर म्हणाले, अरे गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, बाग फुलोऱ्यात होती, तेवढ्यात दोन दिवस पाऊस, पोरांनी हातपाय गाळले, पण घड वाचवले कसे ते सांगितलंय ना मी. तेव्हा हीच गोष्ट टायटलमध्ये हवी होती! मी हुशारी करून लिहिलं, 'द्राक्षावरील केवडा रोगाचे नियंत्रण'. नानांचा लगेच फोन, "केवडा कोण म्हणतं रे, ते पुस्तकात. बागेत सगळे डाऊनीच म्हणतात." तो आमचा सगळ्यात मोठा धडा. पाऊस पडल्यावर रात्री अकरा वाजता बागेतून येऊन माणूस फोनवर जे बोलून शोधतो, ते टायटल. शेवटी ठेवलं, 'फुलोऱ्यात पाऊस झाला, डाऊनी कशी रोखली'. टायटलला शंभर अक्षरांची मर्यादा आहे पण फोनवर निम्म्यातच कापलं जातं, त्यामुळे कामाचं आधी आणि बागेचं नाव, तालुका, भाग सात हे सगळं मागे.

मग थंबनेलला आलो तर फोटोच नाही. मला पाहिजे होता नानांच्या तळहातावर तपकिरी पडलेला घड, फक्त तेवढा, आणि वर 'पाऊस झाला?' असे दोन शब्द, कारण टायटलमधलंच वाक्य थंबनेलवर परत लिहिणं म्हणजे जागा फुकट घालवणं. पण व्हिडिओ टाकेपर्यंत बाग काढणीला आलेली, खराब घड कधीच तोडून टाकलेले, आणि माझ्याकडे काय, तर नाना हात जोडून हसतायत. इंटरनेटवरून कुठल्या तरी परदेशी बागेचा फोटो लावला असता तर पहिल्याच शेतकऱ्याने मांडव बघून ओळखलं असतं. तेव्हापासून माझा नियम आहे, टायटल आणि थंबनेल आधी कागदावर, मग शूटिंग. हे उलटं वाटतं मला माहितीये, पण एका ओळीत सांगता येत नसेल तर व्हिडिओतच काहीतरी राहिलंय आणि ते शूटिंगच्या आधी कळलेलं बरं.

खोटं मी पण करून बघितलंय. एका मिसळीच्या व्हिडिओला लाल गोल, बाण आणि 'रश्शात हे काय सापडलं?' असं टाकलं, सापडलं होतं काय तर कढीपत्ता. क्लिक आले धो धो, आणि बघणाऱ्यांचा ग्राफ पहिल्या अर्ध्या मिनिटात कड्यावरून पडल्यासारखा खाली. मिसळवाल्या मावशींनी फोन केला तो वेगळाच. "बाळा, माझ्याकडे गिऱ्हाईक विचारतंय काय सापडलं म्हणून." व्हिडिओ काढून टाकला आणि पुढचे दोन महिने त्या गल्लीतून गेलो नाही. २०२४ च्या डिसेंबरात यूट्यूबने भारतात असल्या फसव्या टायटल-थंबनेलवर कडक होणार म्हणून जाहीर केलं तेव्हा मला मावशीच आठवल्या.

आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचं बघा ना. १९१३ च्या त्यांच्या पहिल्या सिनेमाला सुरतेत गर्दी जमेना, तेव्हा त्यांनी जाहिरात बदलली म्हणतात, सत्तावन्न हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांब चित्र, फक्त तीन आणे. मैल जरा फुगवलेत खरे, रीळ एक मैलही भरत नव्हतं, पण जे होतं त्याचीच, रिळाचीच गोष्ट सांगितलीय, आणि सांगितलीय अशी की माणूस पाय धुवून रांगेत उभा राहील!

आकड्यांचं पण विचारता म्हणून थोडक्यात. शंभर जणांना थंबनेल दिसलं तर किती जणांनी दाबलं, याला क्लिक थ्रू रेट म्हणतात, आणि यूट्यूबच सांगतं की निम्म्या चॅनेलांचा तो २ ते १० टक्क्यांच्या मध्ये असतो. व्हिडिओ अनोळखी लोकांना दाखवायला लागले की तो उतरतो, तेव्हा चार टक्के बघून रडत बसू नका. एका व्हिडिओला तीन थंबनेल लावून तुलना करायची सोय आता आहे, आणि तिथं जिंकतं ते जास्त वेळ बघितलं गेलेलं, नुसतं जास्त दाबलेलं नाही.

नाना आता तयार झालेत. परवा सकाळी साडेसहाला व्हॉट्सॲप, "भुरी दिसली, आधी फोटो काढून ठेवलेत, मग फवारा घेतला." भुरी म्हणजे द्राक्षाचा दुसरा एक रोग. अकरा फोटो होते. नऊमध्ये त्यांचा अंगठा आहे, पण दोन एक नंबर.