गाबा रिसेप्टरमधलं एक अक्षर मोजताना

मेंदूच्या पेशींना आवर घालणारं मुख्य रसायन म्हणजे गाबा. त्याचा गाबा-ए रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं त्याला ओळखणारं प्रथिन, पाच उपघटकांचा असतो आणि मधल्या वाटेनं क्लोराइड आत-बाहेर जातं. यातल्या अल्फा-३ उपघटकाच्या आरएनएमध्ये, म्हणजे जनुकाच्या नकलेत, पेशी स्वतःच एक अक्षर बदलते; यालाच एडिटिंग म्हणतात. एडार नावाची एन्झाइम्स एका ठरावीक ए या अक्षराचं इनोसिन करतात, आणि प्रथिन बनताना ते जी म्हणून वाचलं जातं. एयूए या तीन अक्षरांच्या शब्दाचं एयूजी झालं की आयसोल्युसिन या अमिनो आम्लाऐवजी मेथिओनिन बसतं. हे किती प्रमाणात होतं, ते वेगवेगळ्या वयाच्या उंदरांच्या मेंदूत मोजायचं काम माझ्याकडे आलं.

आरएनए काढणं म्हणजे सगळा घाईचा मामला. मेंदू बाहेर आला की लगेच गोठवायचा, हातमोजे सतत बदलायचे, कारण आरएनए तोडणारं आरएनेज कुठूनही येऊन माल खराब करतं. पण माझा खरा जीव अडकला होता तो डीएनएत. नमुन्यात जीनोमिक डीएनए थोडा जरी राहिला, तर त्यातला ए मोजमापात मिसळणार आणि एडिटिंग आहे त्यापेक्षा कमी दिसणार. म्हणून डीएनए तोडणारं डीएनेज दिलं, जनुकाच्या शेजारच्या एक्सॉन या तुकड्यांवर प्रायमर, म्हणजे प्रती काढायला सुरुवात करून देणारे छोटे धागे, बसवले, आणि प्रत्येक नमुन्याची एक नळी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, म्हणजे आरएनएवरून डीएनए प्रत (सीडीएनए) बनवणारं एन्झाइम, न घालता चालवली. त्या नळीच्या रांगेत जेलवर काही दिसलं नाही, म्हणजे डीएनए उरला नाही, तरच पुढे जायचं. कंटाळवाणं काम, पण ते न करता दिलेल्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

त्याच उंदराचा डीएनएही सोबत सिक्वेन्स केला, म्हणजे त्याची अक्षरं वाचली. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यानं नर उंदरात त्याची एकच प्रत असते. त्यामुळे डीएनएत तिथे दोन अक्षरं असण्याचा प्रश्नच नव्हता.

क्रोमॅटोग्राम, म्हणजे सिक्वेन्सिंगचे रंगीत शिखरांचे आलेख, उघडले. डीएनएत त्या जागी फक्त हिरवं शिखर, म्हणजे ए. गर्भातल्या मेंदूच्या सीडीएनएत त्याच जागी हिरवं आणि काळं एकावर एक. प्रौढ उंदरात हिरवं जवळपास गायब, काळा जी एकटाच उभा. उलट दिशेनं, म्हणजे समोरच्या जोडीदार धाग्यावर, वाचल्यावर लाल टी-च्या जागी निळा सी आला, तेव्हा खात्री पटली.

या एका अमिनो आम्लानं फरक काय पडतो? एडिट झालेल्या रिसेप्टरचा प्रवाह लवकर ओसरतो आणि पेशीच्या पृष्ठभागावर तो कमी संख्येनं पोचतो. कोवळ्या न्यूरॉनमध्ये क्लोराइड जास्त साठलेलं असतं, त्यामुळे तिथे गाबा पेशीला उलट उत्तेजितच करतं. त्या काळात जोरकस, लांबणारा प्रवाह सोयीचा असावा, असं मला वाटतं.

शिखरांच्या उंचीवरून काढलेली टक्केवारी मधल्या पट्ट्यात चालून जाते. प्रौढ नमुन्यात उरलेला ए मात्र पार्श्वभूमीच्या खरखरीत बुडतो. ९५ आणि १०० टक्के वेगळे ओळखता येत नाहीत. ते नमुने डीप सिक्वेन्सिंगसाठी, म्हणजे हजारो प्रती एकेक वाचून मोजण्यासाठी, बाजूला काढले.