१३७ आणि आमची खोड

कुठलाही आकडा दिसला की त्याचे अवयव पाडत बसायचं, ही माझी जुनी खोड. ओटीपी आला तरी आधी ३ ने भाग जातोय का बघतो आणि मग टाईप करतो. शाळेत १ ते १०० चा तक्ता काढून २ चा पाढा खोडा, ३ चा खोडा असं करायला लावायचे ना, तिथलीच ही देणगी. ७ चा पाढा खोडताना ९१ वर पेन्सिल आली की दरवेळी जिवावर यायचं. इतका मूळ संख्येसारखा दिसणारा आकडा, आणि निघाला ७ गुणिले १३. ५१, ५७ चंही तेच, पण ९१ जास्त लागला.

तर आज दुपारी लोळत फोन चाळताना फाइन स्ट्रक्चर कॉन्स्टंट समोर आला. विद्युतचुंबकीय बल किती जोरदार ते सांगणारा आकडा, साधारण १/१३७. याला मीटर-किलो काही लागत नाही, परग्रहावर कुणी मोजला तरी हाच येणार. (प्रकाशाच्या वेगाला, २९,९७,९२,४५८ ला, ७ ने भाग जातो, पण त्यात काय एवढं, १९८३ मध्ये मीटरची व्याख्याच आपण त्या आकड्यावरून केलीय.) आणि १३७ मूळ! ७ ने जात नाही, ११ ने जात नाही, पुढे बघायची गरजच नाही.

यापायी भलेभले नादावलेत. एडिंग्टन या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञाने आधी शुद्ध तर्काने १३६ काढला, मग मोजमापं १३७ कडे सरकल्यावर तर्कातही एक वाढवला, आणि लोकांनी त्याचं नाव 'ॲडिंग-वन' पाडलं. भौतिकशास्त्रज्ञ पाउली १९५८ मध्ये झुरिकच्या हॉस्पिटलात गेला, त्या खोलीचा नंबर १३७. खोटं कशाला बोला, असलं वाचलं की काटा येतोच अंगावर.

पण खरी किंमत १३७.०३६ च्या आसपास, आणि दशांश चिन्ह आलं की मूळ-बिळ सगळं संपलं. त्यात हा स्थिरांक धड स्थिरही नाही, कण जास्त ऊर्जेने आपटले की बल वाढतं आणि १/१३७ च्या जागी जवळजवळ १/१२८ येतो. १२८! २ चा सातवा घात! शिवाय त्या आकड्यांच्या आसपास साधारण पाचातली एक संख्या मूळ असतेच, १३९ पण आहे की.

खरं नातं सापडतं ते भलतीकडेच. तापलेली वस्तू किती ऊर्जा फेकते ते सांगणाऱ्या स्टीफन-बोल्ट्झमन स्थिरांकाच्या सूत्रात खाली एक १५ असतो, परीक्षेपुरता पाठ केलेला, कुठून आला हे कुणी विचारत नाही. तो येतो १ + १/१६ + १/८१ + १/२५६ अशा, चौथ्या घातांच्या न संपणाऱ्या बेरजेतून, आणि ऑयलरने दाखवलंय की ही बेरीज म्हणजेच १६/१५ गुणिले ८१/८० गुणिले ६२५/६२४ असा गुणाकार, एक तुकडा २ चा, एक ३ चा, एक ५ चा, एकही मूळ संख्या न वगळता. (या १६/१५ मधला १५ वेगळा, निव्वळ योगायोग.) म्हणजे गरम तव्यातून बाहेर पडणाऱ्या उष्णतेच्या हिशेबात सगळ्या हजर, १३७ सुद्धा, फक्त त्याचा वाटा इतका बारीक की मोजायला गेलं तर हाती काही लागणार नाही.

गणितवाले म्हणतील यात मूळ संख्यांचं कर्तृत्व काही नाही, बेरीज लिहायची दुसरी पद्धत आहे झालं. असेल. पण १३७ वरून १२८ ला उतरताना मध्ये १३१ लागतो, आणि तो मूळ आहे, एवढं आपलं सांगून ठेवतो.