लंडन–दिल्ली, व्हाया अबू धाबी

लंडन ते दिल्ली सरळ अंतर साधारण 6,700 किलोमीटर. येताना वारा पाठीशी असतो, म्हणून साडेआठ तासांच्या आसपास लागतात. जाताना तोच वारा तोंडावर, तासभर जास्त. पण त्या सरळ रेषेवरून विमान कधीच उडत नाही. कुठून उडायचं, किती उंचीवर, इंधन किती, हे आम्ही फ्लाइट डिस्पॅचर जमिनीवर बसून आखतो. प्रवाशांना आमचा पत्ताच नसतो.

24 एप्रिल 2025. पहलगामच्या हल्ल्याला दोनच दिवस झाले होते. संध्याकाळी पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली. नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना, आला तेव्हा मी पाहत असलेलं लंडन–दिल्ली विमान तुर्कस्तानवर होतं आणि पुढचा मार्ग इराणवरून थेट पाकिस्तान.

आता वळसा घालायचा तर कराचीचं हवाई क्षेत्र जमिनीपुरतं नाही, समुद्रातही बरंच खालपर्यंत पसरलंय. म्हणजे आखातावरून मस्कत, अरबी समुद्रात दक्षिणेला उतरून गुजरात, आणि तिथून पुन्हा वर दिल्ली. सव्वा तास जादा. आमचं बोइंग 787 ड्रीमलायनर ताशी सुमारे पाच टन इंधन पितं. निघतानाच जास्त भरून का ठेवत नाही, असं लोक विचारतात. इंधन वाहून न्यायलाही इंधनच जळतं. इतक्या लांबच्या उड्डाणात जादा भरलेल्यातला काही भाग वाटेतच संपतो. आणि शेवटच्या तीस मिनिटांच्या राखीव साठ्याला हात लावायचाच नसतो.

तेवढ्या इंधनात थेट दिल्ली गाठणं सुटलंच होतं. कॅप्टनचा एकार्सवर, म्हणजे विमानातून जमिनीवर लेखी निरोप पाठवायच्या यंत्रणेवर, निरोप आला: अहमदाबादपर्यंत पुरतंय, तिथेच भरू. हिशेब त्यांचा बरोबर होता, पण तो 39,000 फुटांचा. त्या संध्याकाळी पश्चिमेकडून येणारं प्रत्येक भारतीय विमान त्याच चिंचोळ्या वाटेने समुद्रावर येणार होतं. हवी ती उंची मिळणार नव्हती, आणि खाली 31,000 वर अडकलं की इंधनाचा खप वाढतो. हे लिहून मी अबू धाबी सुचवलं. अंतिम शब्द कॅप्टनचा. थोड्या वेळाने उत्तर आलं, ‘अबू धाबी.’ पंचवीस वर्षं उडवलेला माणूस, पण वाद घातला नाही. असे कॅप्टन फार नाहीत.

पुढची लढाई क्रूच्या ड्यूटीच्या तासांशी. इंधनाचा ट्रक उशिरा आला असता, तर वैमानिकांचे तास संपून सगळे तिथेच अडकले असते. थोडक्यात निभावलं. दिल्लीत प्रवासी काउंटरवरच्या मुलांवर ओरडले, कारण फोनवर त्यांना दिसत होतं की परदेशी कंपनीचं विमान पाकिस्तानवरून सरळ आलं. बंदी फक्त भारतीय विमानांना होती, हे ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हतं. त्या पोरांची यात काय चूक?

आठवड्याभराने आढावा बैठकीत एक वरिष्ठ म्हणाले, “उगाच उतरवलंस. अहमदाबादला राखीव ठेवूनही दीड टन उरलं असतं.” कंट्रोल रूममध्ये एकही रात्र न काढलेल्या माणसाने इंधनाच्या हिशेबाचा तक्ता समोर ठेवून मला हे सांगावं, याचा राग अजून गेलेला नाही. तो तक्ता मी नंतर मागून घेतला आणि ओळ न् ओळ तपासली. बेरीज बरोबर आहे. उंचीच्या रकान्यात मात्र मस्कतपासून अहमदाबादपर्यंत सगळीकडे 39,000 भरलंय. ती उंची त्या रात्री कोणत्या विमानाला मिळाली होती, हे मी त्यांना लेखी विचारलंय. उत्तर यायचंय.